बिझनेस क्लासने पृथ्वीप्रदक्षिणा: तिकीट मस्त, पण लंडनहून उडू नका

राउंड द वर्ल्ड तिकिटाचे, म्हणजे जगाला फेरी मारायच्या एकाच तिकिटाचे नियम (एकाच दिशेने जायचं, अटलांटिक-पॅसिफिक एकेकदाच, जास्तीत जास्त १६ सेक्टर म्हणजे प्रवासाचे टप्पे, मुदत वर्षभर) बहुतेकांना पाठ आहेत, परत लिहीत नाही. अशी तिकिटं विमान कंपन्यांचे गट विकतात: भाड्यासाठी वनवर्ल्ड गटाचं एक्सप्लोरर तिकीट खंड मोजतं, स्टार अलायन्स गटाचं मैल. आम्ही कुठलं घेतलं ते सांगत नाही, कारण खाली शिव्या आहेत.

मुंबई, लंडन, अमेरिका, टोकियो, मुंबई असा साधा रूट ठरला होता. मग टॅक्सचा तपशील उघडला आणि डोकंच फिरलं. ब्रिटनमधून उडणाऱ्या प्रवाशांवरचा टॅक्स, एअर पॅसेंजर ड्युटी, २०२५-२६ चा दर, अमेरिकेला जायला इकॉनॉमीत ९० पौंड आणि बिझनेसला २१६. माणशी! २४ तासांच्या आतलं ट्रान्झिट असेल तर लागत नाही, पण आम्हाला लंडन बघायचं होतं ना.

म्हणून अटलांटिक डब्लिनहून ओलांडला. आयर्लंडने असला टॅक्स २०१४ मध्येच काढून टाकलाय. आपल्या यूके व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटन-आयर्लंडची एकत्र व्हिसा योजना) लिहिलेलं असलं की आयरिश व्हिसा वेगळा लागत नाही, फक्त आधी यूकेत उतरायचं. लंडन-डब्लिन स्वस्तातल्या विमानाचं वेगळं तिकीट काढलं, तिथे बॅगांचं वजन जास्त भरलं आणि पैसे मोजताना बायको माझ्याकडे नुसती बघत होती. असो, तरी चांगले पैसे वाचले, हिशोब दाखवू शकतो.

आणि डब्लिनला एक बोनस मिळाला. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतात, पलीकडे उतरलं की बॅग घ्यायची आणि चालू पडायचं. खरं सांगतो, आडवं झोपायच्या सीटपेक्षा मला हेच जास्त आवडलं.

इथपर्यंत पाच स्टार देणार होतो. मग टोकियोची तारीख दोन दिवस पुढे ढकलायची वेळ आली. तारीख बदलणं फुकट, पण सीट त्यांच्या ठरलेल्या बुकिंग क्लासमध्येच (या तिकिटासाठी राखलेल्या सीटांच्या कोट्यात) हवी, म्हणजे वेबसाइटवर बिझनेसच्या सीटा विकायला आहेत आणि हेल्पलाइनवाली बाई म्हणते तुमच्यासाठी नाहीत. रात्री परत फोन केला तर दुसऱ्या माणसाला दोन मिनिटांत सीट सापडली. ईमेल आला, आम्ही खूश. एअरपोर्टवर कळलं बुकिंग बदललंय पण तिकीट रीइश्यूच केलेलं नाही, म्हणजे नव्या तारखेचं तिकीट काढलेलंच नाही, काउंटरवर घामाघूम. नवा ई-तिकीट नंबर हातात आल्याशिवाय हॉटेल सोडू नका.

तीन स्टार. टोकियोपर्यंत गाढ झोप लागली म्हणून साडेतीन. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेस क्लासच्या तिकिटावरचा जीएसटी १२ चा १८ टक्के झालाय, आमचं तिकीट त्याआधीच निघालं होतं.