डेन्व्हरमधील गांजाचे परवानाधारक दुकान: सेवा चोख, सूचना अर्धवट

कोलोरॅडोच्या मतदारांनी 2012 मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून प्रौढांना गांजा बाळगण्याची मुभा दिली आणि 1 जानेवारी 2014 पासून त्याची उघड विक्री सुरू झाली. डेन्व्हरमधील अशाच एका दुकानाचा हा अभिप्राय आहे. माझी तक्रार त्या एकाच दुकानापुरती नसल्यामुळे त्याचे नाव देत नाही.

सेवेबद्दल बोट ठेवायला जागा नाही. वय 21 पूर्ण असल्याचा पुरावा पाहिल्याशिवाय आत सोडत नाहीत. गल्ल्यावरची मुलगी घाई न करता माहिती देते आणि अननुभवी ग्राहकाला जास्त माल घ्यायला लावत नाही. खाण्याच्या गोळ्यांपैकी प्रत्येकीवर चौकटच्या आकाराचा टीएचसीचा (गांजातील नशा आणणाऱ्या घटकाचा) ठसा असतो. एका गोळीत 10 मिलिग्रॅम आणि पूर्ण डबीत 100 मिलिग्रॅम ही राज्याने घातलेली मर्यादा छापील दिसते. मुलांना उघडता येऊ नये म्हणून केलेले झाकण माझ्या सासऱ्यांनाही उघडले नाही, एवढे ते पक्के आहे.

पैसे मात्र रोख मोजावे लागतात. संघीय, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय, कायद्याच्या दृष्टीने हा धंदा बेकायदा असल्यामुळे क्रेडिट कार्डाच्या कंपन्या त्याला हात लावत नाहीत आणि बहुतेक मोठ्या बँकाही दूर राहतात. कोपऱ्यात एटीएम आहे, त्याचे शुल्क वेगळे. किमती चढ्या वाटतात. त्यामागे राज्याचा 15 टक्के विशेष विक्रीकर आहे, तसेच संघीय प्राप्तिकराचे कलम 280ईसुद्धा आहे, ज्याने अशा दुकानांना भाडे-पगारासारख्या खर्चाची वजावट नाकारली आणि तो भार शेवटी ग्राहकावर आला.

खरी अडचण सासऱ्यांच्या पासपोर्टमुळे लक्षात आली. ते नाशिकहून पर्यटक व्हिसावर आलेले. दारावर तो पासपोर्ट ओळखपत्र म्हणून बिनदिक्कत चालला, आणि गुडघेदुखीसाठी टीएचसीयुक्त मलम त्यांच्यासमोर मांडले गेले. मी त्यांना थांबवले. देशात कोणाला प्रवेश द्यायचा, हे संघीय कायदा ठरवतो. परदेशी व्यक्तीने अमली पदार्थाचा गुन्हा केल्याचे अधिकाऱ्यासमोर नुसते कबूल केले, तरी कोणत्याही न्यायालयाने शिक्षा न सुनावता तिचा प्रवेश नाकारला जाऊ शकतो. नागरिकत्वाच्या अर्जदारांबाबत तर एप्रिल 2019 च्या मार्गदर्शनात स्पष्टच म्हटले होते, की राज्यात कायदेशीर असलेल्या गांजाचे सेवन, किंवा त्या उद्योगातली नोकरीसुद्धा, ‘सच्छील’ ठरण्याच्या आड येऊ शकते.

आपल्याकडे समवर्ती सूचीतील विषयावर केंद्र आणि राज्य यांच्या कायद्यांत विसंगती आली, तर अनुच्छेद 254 नुसार सामान्यतः केंद्राचा कायदा टिकतो आणि राज्याचा तेवढ्यापुरता निष्प्रभ होतो. त्या सवयीने इथे पाहिले तर गोंधळ उडतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 च्या ‘गोन्झालेस विरुद्ध रेच’ निकालात, घरी उपचारापुरता पिकवलेला गांजाही संघीय बंदीखाली येतो, असे ठरवले. मात्र एखादी गोष्ट गुन्हा ठरवण्याची सक्ती संघराज्य राज्यावर करू शकत नाही, हेही तत्त्व तितकेच पक्के आहे. परिणामी दोन्ही कायदे एकाच वेळी जिवंत राहतात. दुकानाचे शटर उघडे राहते ते बऱ्याच अंशी संघीय सरकारच्या संयमावर. त्या संयमाचे 2013 मध्ये काढलेले लेखी धोरण जानेवारी 2018 मध्ये मागे घेतले गेले, तरी व्यवहार चालू राहिला. नोकरदारालाही राज्याने दिलेल्या मुभेचे संरक्षण पुरे पडत नाही. चाकाच्या खुर्चीवर असलेल्या एका रुग्णाने परवान्याने, कामाच्या वेळेबाहेर गांजा घेतला होता. कंपनीने त्याला कामावरून काढले आणि 2015 मध्ये कोलोरॅडोच्याच सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, कारण तेथील नोकरीविषयक कायद्यात ‘कायदेशीर’ कृत्य म्हणजे संघीय कायद्यालाही मान्य असलेले कृत्य.

यातले अवाक्षरही दुकानात कुठे लिहिलेले नाही. गरोदरपणाचा इशारा आहे, वाहन चालवण्याचा आहे. व्हिसाधारकांसाठी एक ओळ नाही. मी व्यवस्थापकाला विचारले, तेव्हा राज्याच्या नियमांत तसा फलक बंधनकारक नाही, असे उत्तर मिळाले.

अमेरिकी नागरिकाला हे दुकान सुचवायला मला संकोच वाटणार नाही. एच-1बी, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्यांनी, आणि ग्रीन कार्डधारकांनीही, आधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा. पाचपैकी साडेतीन तारे. कापलेला दीड तारा त्या न लावलेल्या फलकाचा.