वस्तीतलं सत्र की वॉर्डातली खुर्ची?

आरोग्य शिक्षकाचं काम करायचं नक्की झालं, की पुढचा प्रश्न असतो तो कुठे करायचं याचा. संस्थेच्या प्रकल्पात वस्तीवर, की रुग्णालयात? नुकतंच शिक्षण संपवलेल्या दोघातिघांनी अलीकडे मला हेच विचारलं, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. मी दोन्हीकडे राहिलोय. आधी चार वर्षं वस्तीत गटसत्रं घेतली, मग रुग्णालयात आलो, आणि इथे आता सहावं वर्ष चालू आहे. म्हणजे कौल कुठे आहे ते तुम्हाला इथेच कळलं. तरीही दुसऱ्या बाजूला कमी लेखायचं नाही असं ठरवून बसलोय. जमतंय का बघू.

पदवी कुठली लागते, पगाराची श्रेणी काय, रजा किती, हे जाहिरातीत असतंच. ते सोडून देतो.

पुस्तकाच्या हिशेबाने पाहिलं तर वस्तीची बाजू भक्कम आहे, यात वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेत मंजूर झालेल्या 1986च्या ओटावा सनदेत आरोग्य संवर्धनाची पाच क्षेत्रं दिलीत: आरोग्याला पोषक सार्वजनिक धोरण, अनुकूल परिसर, समुदायाची कृती, व्यक्तीची कौशल्यं आणि आरोग्यसेवांची बदललेली दिशा. रुग्णालयात बसून मी जे करतो ते जवळजवळ सगळं चौथ्या क्षेत्रात मावतं. उरलेल्यांसाठी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पडावंच लागतं. जेफ्री रोज या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने 1985 साली मांडलेला मुद्दाही तिकडेच झुकतो. फार जास्त धोका असलेली माणसं मोजकी असतात आणि थोडा धोका असलेली प्रचंड, त्यामुळे पुष्कळदा आजारी पडणाऱ्यांतले बहुतेक जण या दुसऱ्या गर्दीतूनच येतात. आपल्या खुर्चीसमोर येऊन बसतो तो आधीच आजारी पडलेला असतो. त्याला कितीही छान समजावलं तरी मागच्या गर्दीला त्याचा काही उपयोग नाही.

आणि वस्तीत जाऊन नुसतं बोलण्यापलीकडे काय करता येतं याचं उदाहरण हवं असेल तर फिनलंडमधला नॉर्थ कॅरेलियाचा प्रकल्प आहेच. 1972 साली सुरू झाला, पेक्का पुस्का त्याचे प्रमुख. हृदयविकाराने ऐन कर्तेपणात पुरुष जात होते, अशा भागात त्यांनी व्याख्यानं दिलीच, पण गृहिणींच्या संघटनेला हाताशी धरलं, दूध आणि मांसाचे पदार्थ बनवणाऱ्यांशी बोलणी केली, दुभत्या जनावरांच्या जोडीला बेरीवर्गीय फळं पिकवायला शेतकऱ्यांना प्रोत्साहन दिलं. पुढच्या चाळीस वर्षांत तिथल्या कर्त्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून जास्त घटले. त्यातला एक तपशील मात्र बोलताना हमखास गळतो: तो प्रकल्प पंचवीस वर्षं चालला. माझा तीन वर्षांचा होता आणि एका वर्षाची मुदतवाढ मिळाली होती.

वस्तीतल्या कामात मजा खूप आहे, ते आधी सांगतो. माणूस त्याच्या घरच्या ओट्यावर बसलेला असतो, त्यामुळे घाबरलेला नसतो. पाहुणे आपण असतो. तो आपल्याला उलट विचारतो, चेष्टा करतो, कधी कधी मध्येच उठून जातो. आणि गट जमला की निम्मं काम गटच करतो. रक्तदाबाची गोळी बरं वाटलं तरी बंद करायची नाही, हे मी तीन प्रकारे सांगून दमलो होतो; एका मावशींनी शेजारणीकडे वळून एवढंच म्हटलं, "अगं, गोळीमुळंच बरं वाटतंय ना." माझं फ्लिपचार्ट तिथल्या तिथे मिटलं. असं रुग्णालयात होत नाही. तिथे रांगेतल्या शेजाऱ्याला आपल्या आजाराचं बोलायची कुणाला इच्छा नसते.

गैरसोयीही आहेत, पण त्या सोसण्यासारख्या. लोक कामावरून परतल्यावरच भेटतात, म्हणून आपल्या संध्याकाळी आणि सुट्टीचे दिवस जातात. पाऊस आला की सत्र रद्द. लाउडस्पीकरशी स्पर्धा. हे सगळं चार वर्षं मी हसत केलं. मला तिथून उठवलं ते एका फोटोने.

नीट सांगतो, कारण इतकी क्षुल्लक गोष्ट वाटेल. प्रत्येक सत्राचा अहवाल जायचा, त्यात हजेरीपट, सह्या किंवा अंगठे, आणि बॅनर दिसेल असा गटाचा फोटो. फोटोत किमान इतकी डोकी हवीत असाही दंडक होता. फोटो शेवटी घ्यावा तर माणसं पांगलेली असायची. सुरुवातीला घ्यावा तर अजून जमलेली नसायची. त्यामुळे तो मध्येच घ्यायचा, गट भरलेला असतानाच. आणि गट केव्हा भरलेला असतो? विषय रंगात आल्यावर. म्हणजे ज्या क्षणी सत्र खऱ्या अर्थाने चालू व्हायचं, नेमक्या त्याच क्षणी मला ते थांबवून लोकांना उठवावं लागायचं, उंच माणसं मागे, बॅनर सरळ, ताई थोडं इकडे बघा.

एकदा असंच सत्र चाललं होतं. मागच्या भिंतीला टेकून एक बाई बसलेल्या, तीन सत्रांत एक शब्द बोललेल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत, खाली बघूनच विचारलं, "आणि घरच्यांनीच गोळ्या फेकून दिल्या तर?" सगळे वळले. मी काही म्हणणार तेवढ्यात सहकारी म्हणाला, "सर, उजेड चाललाय, फोटो उरकून घेऊ." मी "एक मिनिट हं" म्हटलं. लोक उठले, रांग लागली, फोटो झाला. परत बसेपर्यंत त्या निघून गेल्या होत्या. पुढच्या सत्राला आल्या नाहीत, त्याच्या पुढच्यालाही नाही. घर शोधायला गेलो तर दुसऱ्याच कुणी सांगितलं की त्यांना बरं नाही, आत्ता भेटणार नाहीत. अहवालात मात्र त्या आहेत. फोटोत डावीकडून दुसऱ्या, हजेरीपटात अंगठा, एक लाभार्थी.

चूक सहकाऱ्याची नव्हती, त्याला अहवाल पूर्ण करायचा होता. चूक माझी होती, "एक मिनिट हं" मी म्हटलं. पण त्यानंतर लाभार्थी हा शब्द मला खुपायला लागला तो लागलाच. तीच बाई आहाराच्या सत्राला आली, क्षयरोगाच्या सत्राला आली, हात धुण्याच्या सत्राला आली, की तीन लाभार्थी. तिने घरी जाऊन काय केलं याला त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

कुणी म्हणेल, हे तुमच्या संस्थेचं झालं, सगळीकडे असं नसेल. अगदी मान्य. उलट बाजूचं उत्तम उदाहरण तर बांगलादेशातच आहे. ब्रॅक या संस्थेने 1980 ते 1990 या काळात घरोघरी जाऊन एक कोटी वीस लाखांहून जास्त घरांत मीठ, गूळ आणि पाण्याचं जुलाबावरचं पाणी बनवायला शिकवलं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ. तिथे शिकवणारीला घरांच्या आकड्यावर सरसकट पैसे नव्हते. काही दिवसांनी दुसरं माणूस त्यांतल्या काही घरांत जायचं, आईला मुद्दे विचारायचं, पाणी बनवून दाखवायला सांगायचं. तिला जितकं आठवलं त्या प्रमाणात शिकवणारीला मोबदला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो. अर्थात त्यांनाही पुढे कळलं की आयांच्या लक्षात राहतंय पण वापरलं जात नाही. चौकशी केली तर शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता. मग प्रशिक्षण बदललं, घरातल्या पुरुषांशीही बोलायला लागले. मुद्दा एवढाच की परत जाऊन बघितलं म्हणून कळलं. तुम्हाला असं काम देणारी संस्था मिळत असेल तर हा लेख इथेच बंद करा आणि रुजू व्हा.

मला मिळाली नाही, म्हणून रुग्णालय.

इथे आल्यावर पहिले सहा महिने मी वैतागलेलाच होतो. बसायला जागा म्हणजे चादरींच्या कपाटाशेजारी एक टेबल आणि दोन खुर्च्या. डॉक्टर चिठ्ठीवर लिहिणार "समजावून सांगा", काय ते आपण ओळखायचं. डिस्चार्जच्या दिवशी तर नातेवाईक बिलाच्या खिडकीशी, रिक्षा बाहेर उभी, पेशंट चप्पल शोधतोय, आणि आपण म्हणतोय पायांची काळजी अशी घ्या. माणसाच्या कानात काही शिरायची ती वेळच नसते. आणि फॉर्म इथेही आहेत. "समुपदेशन झाले" या चौकोनात खूण केली की कागदोपत्री काम संपलं.

पण इथे एक गोष्ट आहे, जिच्यापुढे बाकीचं मला चालतं. माणूस परत येतो. आपण बोलावलं म्हणून येत नाही, औषध संपलं म्हणून येतो, पण येतो. आणि आल्यावर मी शिकवलेलं टिकलं की नाही हे मला माझ्या डोळ्यांनी दिसतं.

एक आजोबा होते, दम्याचे. पंप वेळेवर घेतो म्हणायचे आणि तरी धाप लागलेलीच. औषध वाढवायचं चाललं होतं. मी म्हटलं, आजोबा, माझ्यासमोर एकदा घेऊन दाखवा. टोपण काढलं, हलवला, ओठांत धरला, दाबला. सगळं बरोबर. श्वास मात्र त्यांनी नाकाने घेतला. औषध जिभेवर आणि घशात, छातीत काहीच नाही. कित्येक महिने हेच चाललं असणार, आणि प्रत्येक वेळी "पंप घेता ना?" याला त्यांनी खरंच उत्तर दिलं होतं. मग बसून शिकवलं: आधी श्वास सोडा, ओठ घट्ट, दाबता दाबता तोंडाने सावकाश आत ओढा, दहा आकडे मोजेपर्यंत रोखून धरा.

महिन्याने आले. मी काही न सांगता त्यांनीच पंप काढला. तोंडाने घेतला, सावकाश ओढला, छान. आणि मग मोठ्याने मोजायला लागले, "एक, दोन, तीन..."

दोघंही हसलो. चूक माझीच, मी "मोजा" म्हटलं होतं, कसं ते सांगितलंच नव्हतं. आता मी सगळ्यांना मांडीवर बोटं आपटून मोजायला शिकवतो. वस्तीत हीच चूक मी शंभर जणांसमोर केली असती, शंभर लाभार्थी झाले असते आणि मला जन्मात पत्ता लागला नसता.

"समजलं ना?" हा प्रश्न मी त्या काळात सोडून दिला. त्याला उत्तर नेहमी "हो" असतं. त्याऐवजी म्हणतो, "मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय, घरी गेल्यावर कसं कराल ते दाखवा." परीक्षा माझी आहे असं कळलं की माणूस सैल होतो. हे वस्तीतही करता येतं, नाही असं नाही. पण चाळीस जणांत दोघांकडूनच करून घेता येतं, आणि ते दोघं बहुधा ज्यांना आधीच येतं तेच असतात.

दीर्घकाळ औषध घ्यावं लागणाऱ्यांपैकी, श्रीमंत देशांतसुद्धा, साधारण निम्मेच ते सांगितल्याप्रमाणे घेतात असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003च्या अहवालात आहे. उरलेले निम्मे माझ्या खुर्चीसमोर बसतात. तेव्हा आजार झाल्यावरचं काम म्हणजे दुय्यम काम, हे मला आता तितकंसं पटत नाही. पटायला हवं असेल कदाचित. पुस्तकं तिकडे आहेत.

आता तुमचं. गर्दीसमोर उभं राहिलं की तुमच्या अंगात येत असेल, एका जागी बसवत नसेल, सरपंचापासून शाळेच्या मुख्याध्यापकापर्यंत कुणालाही पटवायची हौस असेल, तर रुग्णालयात तुमचा कोंडमारा होईल. मी दोघांना तसं होताना पाहिलंय. त्यातली एक आता वस्तीतच काम करते आणि माझ्यापेक्षा कितीतरी मोठं काम करते. शिवाय रुग्णालयातून बाहेरच्या कामात जाणं अवघड असं ऐकतो. उलटा प्रवास मला सोपा गेला, म्हणून सुरुवात वस्तीतून करायला माझी हरकत नाही. पण एकट्या माणसाशी वीस मिनिटं बोलण्यात, त्याच्या हातातली वस्तू निरखण्यात आणि आपलं कुठे चुकलं ते शोधण्यात तुमचा जीव रमत असेल, तर माझ्या मते फार विचार करू नका.

मुलाखतीला जाल तेव्हा दोन्हीकडे एकेक प्रश्न विचारा. संस्थेत विचारा, सत्र झाल्यावर महिन्याने त्याच घरांत परत जायला वेळ मिळतो का, आणि त्याचा रकाना अहवालात कुठे आहे ते दाखवा म्हणा. रुग्णालयात विचारा, शिक्षकाला बसायला खोली आहे का, आणि तिचं दार लागतं का. माझं अजूनही कपाटाशेजारचं टेबलच आहे, पण मागच्या वर्षी सिस्टरनी मध्ये एक पडदा लावून दिला.