महिला आणि मुलींसाठी काम करणाऱ्या संस्थेने अनुदान कोणाकडे मागावे?

महिला आणि मुलींसाठी काम करणाऱ्या लहान संस्थेच्या कार्यकारिणीत अनुदानाचा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुधा रकमेचा असतो: कोण किती देते? हा प्रश्न स्वाभाविक असला, तरी निर्णयासाठी तो अपुरा आहे. प्रत्येक अनुदानाची स्वतःची एक किंमत असते. प्रस्ताव लिहिण्यात जाणारे दिवस, हप्त्याहप्त्याने द्यावे लागणारे अहवाल, लेखापरीक्षणाचा खर्च आणि पैसा कशावर खर्च करता येणार नाही याची अट, हे सारे वजा केल्यावर जे उरते तेच खरे अनुदान. म्हणून कम्युनिटी फाउंडेशन (एका भागातील ठेवी एकत्र करून तेथेच वाटणारी संस्था), महिला निधी (स्त्रियांच्या संघटनांसाठी पैसा गोळा करून वाटणारी संस्था), गिव्हिंग सर्कल (वर्गणी एकत्र करून ती कोणाला द्यायची हे मिळून ठरवणारा गट) आणि शासकीय किंवा आंतरराष्ट्रीय अनुदान या चार स्रोतांची तुलना येथे रकमेपेक्षा या शिल्लकीच्या अंगाने केली आहे. कंपन्यांचा सामाजिक निधी मुद्दाम बाजूला ठेवला आहे, कारण त्याचे नियम कंपनीगणिक इतके बदलतात की त्यावर एकत्र बोलण्यात फारसा अर्थ नाही.

मुळात या क्षेत्राच्या वाट्याला येणारा पैसा थोडा आहे, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या महिला परोपकार संस्थेने काढलेल्या निर्देशांकानुसार तेथील एकूण देणग्यांपैकी महिला आणि मुलींसाठीच काम करणाऱ्या संस्थांना मिळणारा हिस्सा २ टक्क्यांच्या आसपासच राहिला आहे. स्पर्धा मोठी आणि थैली लहान असल्यामुळे दिसेल त्या जाहिरातीला अर्ज करण्याची सवय लागते आणि तीच सवय संस्थेला सर्वांत महाग पडते.

कम्युनिटी फाउंडेशनची कल्पना १९१४ मध्ये क्लीव्हलँड येथे फ्रेडरिक गॉफ या बँकप्रमुखाने प्रत्यक्षात आणली. मृत्युपत्रात घालून ठेवलेल्या अटी काळ बदलल्यावर निरर्थक ठरतात आणि पैसा अडकून पडतो, या अडचणीवर त्यांनी काढलेला हा तोडगा होता. अनेकांच्या ठेवी एकत्र करायच्या आणि स्थानिक गरजेनुसार त्यांचे वाटप करण्याचा अधिकार नागरिकांच्या समितीकडे द्यायचा, अशी ती रचना होती. आजही या संस्थांचे बलस्थान स्थानिक असण्यातच आहे. त्यांचे कार्यक्षेत्र ठरलेले असते, अधिकारी भेटू शकतात आणि समितीतील माणसांना गावाची माहिती असते.

मात्र येथे एक गफलत हमखास होते. फाउंडेशनच्या वार्षिक अहवालात दिसणारी एकूण मालमत्ता पाहून अर्जदार हुरळून जातो, परंतु त्यातील बराच पैसा देणगीदाराच्या सल्ल्याने वाटल्या जाणाऱ्या निधींमध्ये असतो. न्यूयॉर्क कम्युनिटी ट्रस्टने १९३१ मध्ये सुरू केलेला हा प्रकार आता सर्वत्र रुळला आहे. अशा निधीसाठी खुला अर्ज करता येत नाही, कारण पैसा कोणाला द्यायचा हे देणगीदार सुचवतो. अर्जदारासाठी खुले असतात ते समितीच्या हातातील मुक्त निधी आणि विशिष्ट विषयाला वाहिलेले निधी. अनेक फाउंडेशनांमध्ये महिला आणि मुलींसाठीचा निधी या दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्यामुळे पहिल्या भेटीत विचारण्याचा प्रश्न असा: गेल्या वर्षी खुल्या अर्जांतून या विषयासाठी किती रक्कम दिली आणि अर्ज किती आले होते? उत्तर स्पष्ट मिळाले, तर पुढे जावे. रक्कम बहुधा मध्यम आणि मुदत बहुधा एका वर्षाची असते. तरीही नव्या संस्थेसाठी हा मार्ग मला चांगला वाटतो, कारण एकदा कागदपत्रांची छाननी झाली की तेच अधिकारी आपल्या देणगीदारांना संस्थेचे नाव सुचवू शकतात. हा लाभ जाहिरातीत कुठेही लिहिलेला नसतो.

महिला निधी ही जात वेगळी आहे. १९८३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे मामा कॅश, १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात ग्लोबल फंड फॉर विमेन, १९९० मध्ये मेक्सिकोत सेमियास आणि पुढे घानाची राजधानी अक्रा येथे आफ्रिकन विमेन्स डेव्हलपमेंट फंड असे हे निधी उभे राहिले. त्यांच्याकडे वडिलोपार्जित मोठी ठेव असतेच असे नाही. ते स्वतः पैसा गोळा करतात आणि पुढे वाटतात, म्हणून पैसा मागणाऱ्याची अडचण त्यांना आतून ठाऊक असते. याचा परिणाम अटींवर दिसतो. हा पैसा बरेचदा लवचिक असतो, म्हणजे त्यातून कार्यालयाचे भाडे, हिशेबनिसाचा पगार किंवा कायद्यातील बदलासाठी चालवलेली मोहीम यांचाही खर्च भागवता येतो. तरुण स्त्रियांच्या गटांना अनुदान देणाऱ्या फ्रिडा या निधीत तर अर्जदार गट एकमेकांचे अर्ज वाचून मतदान करतात. १९९७ मध्ये सुरू झालेला अर्जंट अ‍ॅक्शन फंड धोक्यात सापडलेल्या कार्यकर्त्यांसाठी तातडीने निर्णय घेतो. महिनोन्महिने चालणाऱ्या नेहमीच्या अनुदान प्रक्रियेत अशी सोय नसते.

पण लवचिकता म्हणजे मोकळे रान नव्हे. या निधींची भूमिका ठाम असते. संस्थेचे नेतृत्व स्त्रियांच्या हाती आहे का, काम हक्कांच्या दिशेने जाते का, हे ते बारकाईने तपासतात. ज्यांचे मुख्य काम केवळ मदतकार्य किंवा दारिद्र्य निवारण आहे, अशा संस्था मामा कॅशच्या निकषांत बसत नाहीत. शिष्यवृत्ती वाटणाऱ्या किंवा शिवणवर्ग चालवणाऱ्या संस्थेने आपल्या कामाला चळवळीची भाषा चढवून अर्ज केला, तर परीक्षकाला ते दुसऱ्या परिच्छेदातच कळते. त्यापेक्षा अशा संस्थेने कम्युनिटी फाउंडेशनकडे जाणे अधिक प्रामाणिक आणि अधिक फलदायी ठरते.

गिव्हिंग सर्कलमध्ये निर्णय व्यक्तींचा समूह घेतो. १९९५ मध्ये सिअ‍ॅटल येथे सुरू झालेले वॉशिंग्टन विमेन्स फाउंडेशन हे याचे एक ठळक उदाहरण. २००१ मध्ये सिनसिनाटीत सुरू झालेल्या इम्पॅक्ट १०० चे गणित नावातच आहे: किमान १०० स्त्रियांनी प्रत्येकी १,००० डॉलर द्यायचे आणि मतदानाने १,००,००० डॉलरचे एकच मोठे अनुदान द्यायचे. याहून सुटसुटीत नमुना म्हणजे १०० विमेन हू केअर. २००६ मध्ये मिशिगनमधील जॅक्सन येथून निघालेल्या या पद्धतीत प्रत्येक सदस्या १०० डॉलर देते, सुचवलेल्या संस्थांपैकी तीन नावे चिठ्ठीने निघतात, प्रत्येक संस्थेची बाजू पाच मिनिटांत मांडली जाते आणि तासाभरात निकाल लागतो.

कागदपत्रांचा भार सर्वांत हलका येथेच आहे. किंमत मात्र दुसऱ्या बाजूने वसूल होते. पाच मिनिटांत सभागृहाचे मन वळवायचे असेल, तर हकिकत सांगावी लागते, आणि हिंसाचारग्रस्त स्त्रियांसोबत काम करणाऱ्या संस्थेपुढे नेमका येथेच पेच उभा राहतो. नाव बदलले, तरी लहान शहरात तपशिलांवरून माणूस ओळखला जातो. निवारागृहाचा पत्ता गुप्त ठेवायचा असतो, म्हणून देणगीदारांना जागा दाखवताही येत नाही. पीडित स्त्रीलाच व्यासपीठावर बोलवावे, असा आग्रह काही हितचिंतक धरतात. माझ्या मते तो साफ नाकारावा, कारण मदत घेतलेल्या व्यक्तीची संमती ही मदत देणाऱ्या संस्थेपुढे क्वचितच पूर्णपणे मोकळी असते. शिवाय मतदानात दिसणाऱ्या वस्तूंना झुकते माप मिळते. वाहन, पाळणे, संगणक कक्ष यांना मते पडतात. वकिलाचा तासिका मोबदला किंवा समुपदेशकांचे पर्यवेक्षण यांना ती मिळवणे कठीण जाते. एकदाच करायच्या खर्चासाठी हा मार्ग उत्तम आहे, पण पगारासाठी त्यावर विसंबू नये, कारण अनेक गटांत विजेत्याला काही काळ पुन्हा अर्ज करता येत नाही.

शासकीय आणि आंतरराष्ट्रीय अनुदानांची रक्कम मोठी आणि मुदत लांब असते. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९९६ मध्ये स्थापलेला आणि यूएन विमेन या त्यांच्या महिलाविषयक संस्थेकडून चालवला जाणारा स्त्रियांवरील हिंसाचार निर्मूलनाचा विश्वस्त निधी, किंवा अमेरिकेतील १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाचारविषयक कायद्याखाली मिळणारी अनुदाने ही याची उदाहरणे. यांचा अर्ज लिहिणे हेच एक स्वतंत्र काम असते आणि लेखापरीक्षणाची शिस्त कडक असते. सर्वांत मोठी अडचण रोख रकमेची येते. शासकीय अनुदान पुष्कळदा प्रतिपूर्तीच्या तत्त्वावर असते, म्हणजे खर्च आधी संस्थेने करायचा, बिले सादर करायची आणि पैसे नंतर मिळायचे. समजा दरमहा पाच जणांचा पगार द्यायचा आहे आणि बिले मंजूर व्हायला तीन महिने लागतात. अशा वेळी पंधरा पगारांइतकी रक्कम हाताशी नसलेली संस्था मंजूर अनुदान खिशात असूनही बंद पडू शकते. राखीव निधी नसेल, तर या वाटेला जाऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन.

एका बाबतीत मात्र सरकारी अट संस्थेच्या बाजूने उभी राहते. वर उल्लेख केलेल्या अमेरिकी कायद्यात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून अनुदानित संस्थांना मदत घेणाऱ्या व्यक्तीची ओळख पटेल अशी माहिती तिच्या लेखी संमतीवाचून उघड करण्यास मनाई आहे. खासगी दाता छायाचित्रे आणि नावनिशीवार याद्या मागतो, तेव्हा असे कायदेशीर कवच नसते. तेथे अहवालात काय देणार आणि काय देणार नाही, हे करार करतानाच लिहून घ्यावे लागते.

आता आस्थापना खर्चाकडे, म्हणजे कार्यालय, हिशेब, पर्यवेक्षण अशा संस्था चालती ठेवण्याच्या खर्चाकडे वळू, कारण चारही स्रोतांमधला खरा फरक येथे उघडा पडतो. चोवीस तास चालणाऱ्या हेल्पलाइनचे उदाहरण घ्या. आठवड्याचे तास १६८ होतात. एक व्यक्ती आठवड्याला ४० तास काम करते असे धरले, तर फोनवर एका वेळी एकच जण असला तरी चारांहून अधिक माणसे लागतात आणि रजा, आजारपण व प्रशिक्षण धरून ती संख्या पाचच्या पुढे जाते. एका समुपदेशकाचा पगार देणारे प्रकल्प अनुदान कागदावर छान दिसते, परंतु त्याने रात्रीची पाळी भरत नाही. उरलेल्या माणसांचा पगार, दूरध्वनीचे बिल आणि पर्यवेक्षकाचा वेळ कोण देणार, हा प्रश्न तसाच राहतो. अमेरिकी संघीय अनुदानात ज्या संस्थेने अप्रत्यक्ष, म्हणजे आस्थापना खर्चाचा स्वतंत्र दर ठरवून घेतलेला नाही, तिला ऑक्टोबर २०२४ पासून १५ टक्क्यांपर्यंत दर लावता येतो. पूर्वी ही मर्यादा १० टक्के होती. फोर्ड फाउंडेशनने २०१५ मध्ये प्रकल्प अनुदानांतील असा खर्च १० वरून २० टक्क्यांवर नेला. लवचिक अनुदान देणाऱ्या महिला निधीकडे हा वादच कमी उद्भवतो, तर गिव्हिंग सर्कलचे धोरण गटागटानुसार बदलते. अर्ज करण्यापूर्वी आस्थापना खर्चाची मर्यादा लेखी विचारावी आणि ती प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी असेल, तर फरक कुठून भरून काढणार हे कार्यकारिणीने ठरावात नोंदवावे.

अमेरिकेत नोंदलेल्या संस्थांसाठी आणखी एक तांत्रिक बाब निर्णायक ठरू शकते. सार्वजनिक धर्मादाय संस्थेचा दर्जा टिकवण्याच्या एका प्रचलित कसोटीत पाच वर्षांच्या एकूण आर्थिक आधारापैकी, म्हणजे मिळालेल्या पैशापैकी, किमान एक तृतीयांश आधार सार्वजनिक असावा लागतो. एकाच खासगी दात्याची देणगी त्यात एकूण आधाराच्या २ टक्क्यांपर्यंतच धरली जाते. शासनाकडून किंवा लोकवर्गणीवर चालणाऱ्या सार्वजनिक संस्थेकडून आलेली रक्कम साधारणपणे पूर्ण धरली जाते. त्यामुळे एका धनाढ्य कुटुंबाच्या फाउंडेशनचा मोठा धनादेश आणि कम्युनिटी फाउंडेशनच्या मुक्त निधीतील तेवढ्याच रकमेचा धनादेश संस्थेच्या दर्जाच्या दृष्टीने सारखे नसतात.

निवड करताना संस्थेची अवस्था पाहावी. नोंदणी नुकतीच झालेली किंवा अजून न झालेली, पण हक्कांवर काम करणारी संघटना असेल, तर तिने आधी महिला निधीचे निकष वाचावेत, कारण अनौपचारिक गटांना सामावून घेण्याची तयारी तेथे तुलनेने अधिक असते. शाळकरी मुलींचे वर्ग, क्रीडा किंवा आरोग्य शिबिरे चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला कम्युनिटी फाउंडेशन अधिक मानवेल आणि जोडीला एखाद्या उपकरणासाठी गिव्हिंग सर्कल. निवारागृह किंवा हेल्पलाइन चालवणाऱ्या संस्थेला शेवटी शासकीय अनुदान टाळता येत नाही, पण त्याआधी दोन वर्षे लवचिक निधीतून हिशेबाची व्यवस्था आणि राखीव रक्कम उभी करणे शहाणपणाचे ठरेल.

खुल्या स्पर्धेतून येणाऱ्या प्रचंड, विनाअट रकमांचे आकर्षणही मर्यादेत ठेवावे. अमेरिकेतील अब्जाधीश देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांच्या यील्ड गिव्हिंग या देणगी उपक्रमाने २०२३ मध्ये काढलेल्या खुल्या आवाहनाला ६,३५३ अर्ज आले आणि मार्च २०२४ मध्ये ३६१ संस्थांना एकूण ६४ कोटी डॉलर जाहीर झाले. म्हणजे साधारण सतरा-अठरा अर्जदारांपैकी एकाला पैसे मिळाले. अर्थसंकल्पात अशी अपेक्षित रक्कम जमेला धरू नये, पण अर्ज करायचाच असेल तर परीक्षकांचे अभिप्राय अर्जदाराला मिळणार का, हे आधी विचारावे. मिळणार असतील, तर नकार आला तरी प्रस्तावातील कच्चे दुवे कळतात आणि तोच मजकूर सुधारून पुढच्या फेरीत स्थानिक फाउंडेशनकडे सादर करता येतो.