टेकन ३ तीन मशीनवर: दिवाळीपासूनचा अनुभव आणि ५० हर्ट्झचा घोळ

गेल्या दिवाळीत प्लेस्टेशन क्लासिक घेतला. २०१८ मध्ये निघालेला तो तळहाताएवढा डबा, आत २० गेम भरलेले. सेकंडहँड, दोन रिमोटसकट, साडेपाच हजारांना. आता पावसाळा लागलाय. इतके महिने वापरून मग लिहितोय, कारण घेण्याआधी मी जे रिव्ह्यू वाचले त्यांत डबा किती गोंडस आहे आणि गेमची यादी किती फसली आहे यावरच पानं भरली होती. माझ्यासारख्या फक्त टेकन ३ ह्या मारामारीच्या गेमसाठी घेणाऱ्याला ज्याने फरक पडतो, ती गोष्ट एका ओळीत उरकलेली.

घ्यायची वेळ आली ती जुन्या पीएस वनची लेन्स गेल्यामुळे. आधी मशीन उभं ठेवून चालवलं, मग उलटं ठेवून. पीएस वनवाल्यांना हा उपाय माहीत आहे. तोही थकल्यावर सोलापुरातल्या नवी पेठेत एका दुरुस्तीवाल्याकडे दिलं. लेन्स बदलली म्हणून त्याने पैसे घेतले, घरी आणून लावलं तर लोगो येऊन पुढे काळा पडदा. परत गेलो तर म्हणे तुमची सीडी खराब. तीच सीडी मित्राच्या पीएस टूवर सुरळीत चालते हे सांगितलं तरी ऐकेना. चकरा मारून मारून शेवटी मशीन घेऊन आलो, पैसे गेले ते गेलेच. त्या रागात डबा घेतला.

पहिला आठवडा खूश होतो. एचडीएमआयची एक वायर लावली की चित्र स्वच्छ. बॉक्समध्ये अडॅप्टर दिलेला नसतो, पण घरातला जुना मोबाइल चार्जर चालतो, म्हणून तो खर्च वाचला. रिमोटची वायर आखूड आहे, सतरंजी टीव्हीजवळ ओढून बसावं लागतं. एका गेममधून दुसऱ्यात जायचं तर उठून डब्यावरचं रिसेटचं बटण दाबायचं. हे सगळं चालवून घेतलं असतं.

चालवून घेता आलं नाही ते हाताचं. टेकनमध्ये दहा फटक्यांची जी माळ असते, टेन हिट, ती ज्यांनी पार्लरमध्ये पाठ केली त्यांची बोटं विचार न करता चालतात. माझी बोटं चालायची, पण चार-पाच फटके पडले की माळ तुटायची आणि समोरचा मला हाणायचा. आधी टीव्हीवर संशय घेतला. एलईडी टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ खातात, म्हणून गेम मोड लावला. थोडा फरक पडला, माळ तुटायची ती तुटतच राहिली. पुतण्या शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "काका, तुमचा हात पुढं चाललाय, गेम मागं राहिला."

निदान केलं ते अशोक चौकाकडच्या मित्राने. त्याचं सगळं घर यंत्रमागावरचं, मागाचा वेग जरा उतरला तरी दुसऱ्या खोलीतून ओळखणारा माणूस. एका रविवारी आला, पडद्याकडे नीट बघितलंही नाही. गेममधल्या पॉल ह्या लढवय्याचे ठोके नुसते ऐकले आणि म्हणाला, "हे हळू चाललंय बे. ठोके मोज की."

खरंच हळू होतं. ह्या डब्यात टेकन ३ ची पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीची, आवृत्ती भरलेली आहे. २० पैकी ९ गेम पाल आहेत, आणि नेमका टेकन ३ त्या नऊमध्ये. अमेरिकेत विकलेल्या डब्यांतही हेच, जिथे पाल टीव्ही कधी नव्हतेच. पाल म्हणजे सेकंदाला ५० चित्रं, अमेरिकेतली एनटीएससी पद्धत म्हणजे ६०. सिनेमा असता तर फार बिघडलं नसतं. पण त्या काळच्या फायटिंग गेमचं सगळं गणित फ्रेमवर, म्हणजे ह्या एकेका चित्रावर, असतं. एखादा फटका किती फ्रेमनंतर लागणार, किती फ्रेम तुम्ही उघडे पडणार, पुढचं बटण कोणत्या फ्रेमच्या आत दाबायचं, सगळं. फ्रेम तितक्याच ठेवून त्या ५० च्या वेगाने सोडल्या की मूळ एका मिनिटात जे घडायचं त्याला ७२ सेकंद लागतात.

वर आणखी एक. डबा टीव्हीला ६० नेच चित्र देतो. ५० चित्रांतून ६० जागा भरायच्या म्हणजे दर पाचवं चित्र दोनदा दाखवायचं. त्यामुळे बाजूला पाऊल टाकलं की मागचं दृश्य सरकताना अडखळतं. एकदा दिसलं की मग तेच दिसत राहतं.

आतला एम्युलेटर, म्हणजे जुने गेम नव्या मशीनवर चालवणारं सॉफ्टवेअर, मुक्त स्रोताचा आहे, आणि ठरावीक कंपन्यांचे कीबोर्ड लावून एस्केप दाबलं की त्याचा लपलेला मेनू उघडतो, हे डबा बाजारात आल्यावर लगेच लोकांनी शोधून काढलं होतं. माझ्याकडच्या साध्या कीबोर्डला तो दाद देत नाही. त्यासाठी महागडा कीबोर्ड विकत घ्यायचा म्हणजे डब्याच्या निम्मे पैसे परत डब्यातच. घेतला नाही, घेणारही नाही. २०२२ मध्ये सोनीने वर्गणीच्या योजनेत जुने गेम आणले तेव्हाही आशियात काही गेम ५० चेच निघाले होते. लोकांनी ओरड केली तेव्हा कुठे ६० चा पर्याय देऊ म्हणाले. एकदा हात पोळल्यावरही असं व्हावं याचा मला मनापासून राग आहे.

आता कोणी म्हणेल, भारत पालचाच देश, लहानपणी तुम्ही ५० वरच खेळला असाल. नाही. आमच्या वेळच्या पार्लरमध्ये मशीनला नकली सीड्या चालवणारी चिप बसवलेली असायची आणि सीड्या बहुतेक अमेरिकन आवृत्तीच्या नकला. टीव्ही साधे पालचे. त्यांना एनटीएससीचा रंग कळत नसे, त्यामुळे कित्येक टीव्हींवर टेकन काळापांढरा दिसायचा. तासाचे दहा रुपये देऊन आम्ही काळापांढरा एडी आणि काळापांढरा किंग खेळलो, ह्वोरांगची पँट कोणत्या रंगाची हे मला फार उशिरा कळलं. पण वेग पुरा ६० चा होता. रंग गेला तरी कोणाचा हात बिघडला नाही. वेग गेला आणि माझ्या हातातला सगळा खेळ गेला. टेकन ३ कोणत्या मशीनवर चांगला, याचं माझ्यापुरतं उत्तर इथेच मिळतं. आधी वेग बघा, चित्राचं नंतर.

आणि हा वेग सगळ्यांना सारखा नडत नाही. पुतण्या एडी घेतो आणि लाथांची दोन बटणं मिळेल तशी बडवतो. त्याला ५० काय आणि ६० काय. किंगच्या पकडींची साखळी लावणारा मी मात्र दर वेळी अर्ध्यात सुटतो. त्यामुळे ह्या डब्यावर आमच्या घरात जिंकणारेच बदलले. एरवी मी हरलो तर मान्य करतो, पण इथे सराव केलेल्याला दंड आणि न केलेल्याला सूट असा प्रकार आहे.

ज्याच्या पीएस टूवर माझी सीडी चालली होती, त्या मित्राकडून फेब्रुवारीत तो पीएस टू घेतला, दीड हजारांत, चिप बसवलेला, सोबत टेकन ५ ची सीडी. इथून माझं मत फिरलं. टेकन ५ मध्ये आर्केड हिस्टरी म्हणून एक भाग आहे, त्यात पहिला, दुसरा आणि तिसरा टेकन आर्केडमधल्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनवरच्या, रूपात खेळता येतो. इतकी वर्षं मी घरच्या आवृत्तीलाच मूळ समजून खेळत होतो. आर्केडचा टेकन ३ आला १९९७ मध्ये, टेकन बनवणाऱ्या नामकोच्या सिस्टिम १२ बोर्डवर. तो बोर्ड मुळात पीएस वनच्याच रचनेवर बेतलेला, फक्त जास्त दमदार. म्हणून १९९८ मध्ये घरची आवृत्ती इतकी जवळ जाऊ शकली. तरी काटछाट दिसते. आर्केडमध्ये मागचं दृश्य थ्रीडी आहे, पीएस वनवर त्या जागी सपाट चित्र गोल गुंडाळलंय. चित्राची बारकाई थोडी कमी, आवाजही कमी केलेले. दोन्ही लागोपाठ खेळल्यावर हे कळतं, एरवी नाही.

उलट बाजूने घरच्या आवृत्तीत जे वाढवलंय ते आर्केडमध्ये शोधून सापडणार नाही. गॉन नाही, डॉक्टर बॉस्कोनोविच हा लढवय्या नाही, टेकन फोर्स आणि टेकन बॉल हे वेगळे खेळप्रकार नाहीत. मला एकट्याला हे चाललं असतं. पुतण्याला गॉन हवाच. तो बुटका डायनासोर आहे, वरच्या उंचीचे फटके त्याच्या डोक्यावरून जातात, आणि त्याला हसून लोळायला होतं. मग घरची जुनी सीडी पीएस टूमध्ये घातली. पीएस टू पीएस वनच्या सीड्या चालवतो, आणि त्याच्या सेटिंगमध्ये प्लेस्टेशन ड्रायव्हर म्हणून जागा आहे, तिथे सीडीचा वेग फास्ट आणि टेक्स्चर स्मूद करता येतं. स्मूद केल्यावर चेहऱ्यांवरचे चौकोन मऊ होतात. मी ते बंदच ठेवलं, मला ते चौकोन आवडतात. एलईडीवर पीएस टूचं चित्र मळकट येतं म्हणून माळ्यावरचा २१ इंची जुना टीव्ही खाली काढला. बायकोने जागेवरून दोन शब्द ऐकवले, पण हात परत आला. पहिल्याच संध्याकाळी टेन हिट अखंड लागली. दहावा फटका बसला तेव्हा मी उभाच राहिलो होतो.

मार्चपर्यंत डबा विकायचा विचार पक्का होता. मग उन्हाळा आला. सोलापूरचा मे कोणाला सांगायला नको, पारा त्रेचाळीसवर आणि दुपारी लाइट जाते ती जातेच. जुना टीव्ही आणि पीएस टू दोन्ही मिळून आमचा इन्व्हर्टर दमवतात. डब्याला मात्र पाच व्होल्ट, एक अँपिअर पुरतो, तो मोबाइलच्या पॉवर बँकवर चालतो. एलईडी आणि एक पंखा इन्व्हर्टरवर, डबा पॉवर बँकवर, अशा कित्येक दुपारी मुलांनी घराबाहेर पाय न टाकता काढल्या. आणि जो हळूपणा मला खुपतो तो नवशिक्याला सोयीचा पडतो हेही तेव्हा बघितलं. बायको कधी न खेळणारी, तिला खालून येणारी लाथ दिसून अडवायला वेळ मिळतो. पीएस टूवर ती दोन डाव खेळून उठते, डब्यावर बसून राहते. डब्यावर प्रत्येक गेमचा एकच अर्धवट डाव साठवता येतो, त्यावरून मुलांत भांडणं होतात, तेवढा त्रास सोडला तर तक्रार नाही.

म्हणून डबा आता मुलांचा, पीएस टू माझा. साडेपाच हजार जास्तच झाले. नवा असताना १०० डॉलरचा हा डबा पुढे अमेरिकेत ४० डॉलरवर उतरला होता, आणि इथे सेकंडहँडवाले अजून दुर्मीळ वस्तू म्हणून विकतात. मला विचाराल तर अडीच हजारांच्या वर देऊ नका. टेकन ३ साठीच घ्यायचा असेल तर तेही देऊ नका, त्यात चालू पीएस टू आणि टेकन ५ ची सीडी आरामात बसते.

घेताना पीएस टू दुकानात लावून बघा. टेकन ५ सुरू करून आर्केड हिस्टरीपर्यंत जा, तिसरा टेकन लोड होईपर्यंत थांबा. लेन्स अशक्त असेल तर ती तिथेच अडकते. तुमची पीएस वनची जुनी सीडी असेल तर तीही खिशात घेऊन जा आणि एक पूर्ण डाव खेळूनच पैसे द्या. माझं पीएस वनचं मेमरी कार्ड मध्येच डाव विसरतं, त्यामुळे गॉन दर वेळी नव्याने उघडावा लागतो. कोणाकडे पीएस वनचं चालू कार्ड जास्तीचं असेल तर कळवा, सात रस्ता, पार्क चौक, कुठेही येऊन घेऊन जाईन.