बांधकामाच्या कोडवरचा व्हॉट्सअॅप ग्रुप: नऊ महिन्यांनंतर

जुळे सोलापुरात माझं स्ट्रक्चरल डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. मी आणि एक ड्राफ्ट्समन, शंका आली तर विचारायला शेजारी कुणी नाही. नऊ महिन्यांपूर्वी कॉलेजच्या सरांनी मला राज्यभरातल्या इंजिनिअर-आर्किटेक्ट मंडळींच्या एका ग्रुपवर घेतलं. तिथे आयएस कोड (बांधकामाची भारतीय मानकं), राष्ट्रीय इमारत संहिता आणि यूडीसीपीआर (राज्याची बांधकाम परवानगीची नियमावली), एवढंच बोलायचं.

पहिल्याच महिन्यात त्याचं मोल कळलं. होटगी रोडला तळमजला अधिक दोनचं घर होतं. मालकांना कॉलम भिंतीत लपलेले हवे होते, म्हणजे नऊ इंची, 230 मिमी. आजूबाजूला सगळीकडे तसेच उभे राहतात, मीही तेच काढणार होतो. तरी ग्रुपवर विचारलं. दोघांनी लगेच लिहिलं, "चालतं, रोज करतो." मग कोल्हापूरच्या एका मॅडमनी कलमाचा फोटोच टाकला: भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामाचा कोड आयएस 13920, आवृत्ती 2016, कॉलमची किमान बाजू 300 मिमी. 2016 च्या भूकंप नकाशात सोलापूर मध्यम धोक्याच्या झोन तीनमध्ये येतं, त्यामुळे हा कोड आपल्याला बंधनकारक. एवढ्यावर न थांबता त्यांनी प्लॅन मागवला आणि बाहेर येणारे 70 मिमी कपाटांच्या आत कसे जिरवायचे ते पेन्सिलीने काढून पाठवलं. मालक एका बैठकीत तयार झाले.

किल्लारी आपल्यापासून लांब नाही. 30 सप्टेंबर 1993 ची, गणपती विसर्जनानंतरची ती भूकंपाची पहाट आमच्या घरातले मोठे अजून सांगतात. तेव्हाच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होतं. 2002 च्या कोडने तो झोनच काढून टाकला. कोड बदलतो तो असा, माणसं गेल्यावर. म्हणून "रोज करतो" हे उत्तर मला आता पटत नाही.

कॉलमच्या उभ्या सळया बांधून ठेवणाऱ्या रिंगांचंही तसंच. आमचा सळया बांधणारा फिटर रिंगेच्या टोकाचा हूक 90 अंशातच वळवायचा. "एवढी घरं बांधलो की ओ साहेब, कुणी विचारलं नाही," म्हणाला. ग्रुपवर नांदेडच्या एका सरांनी 135 अंशांचा हूक पाट्यावर कसा वळवायचा याचा व्हिडिओ टाकला होता. पुढचं टोक सळईच्या जाडीच्या सहापट, पण 65 मिमीपेक्षा कमी नाही. तो व्हिडिओ फिटरने स्वतः दोनदा पाहिला. माझ्या तोंडी सांगण्याने जे झालं नव्हतं ते त्याने झालं.

उणिवाही आहेत. यूडीसीपीआर डिसेंबर 2020 मध्ये लागू झाली, त्यानंतर दुरुस्त्या झाल्या. तरी ग्रुपवर जुनी पीडीएफ फिरत राहते. एकदा मी तिच्यावर विसंबून मार्जिन (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) धरलं आणि मंजुरीला दिलेला नकाशा परत आला. चूक माझीच, तारीख पाहिली नव्हती. भेगेचा फोटो टाकून "पाडू का?" असं विचारणारेही असतात, जाणकार त्यावर उत्तर देत नाहीत, ते योग्यच.

उन्हाळ्यात क्युरिंगवर, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्यावर, चांगली चर्चा झाली. कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीटचा कोड आयएस 456 किमान 10 दिवस सांगतो, पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला 14 पर्यंत न्यावं म्हणतो. इथे नळाला पाणी काही दिवसांआड. ओल्या गोणपाटावर प्लास्टिक अंथरायचं लातूरकरांनी सुचवलं. सध्याच्या स्लॅबवर तेच अंथरलंय, आज अकरावा दिवस.