गीझर लावला की लाईट जायची, ते थांबलं आणि आईला शॉक बसला

सांगलीत माझ्या आईवडिलांच्या घरी एका इलेक्ट्रिशियनने नवीन अर्थिंग, नवीन आरसीसीबी (करंट कुठे गळला की सप्लाय तोडणारा खटका) आणि बाथरूमपर्यंत नवी वायर, अशा कामांचे मिळून साडेएकोणीस हजार रुपये घेतले. प्रत्यक्षात अर्थिंग झालंच नव्हतं, आरसीसीबी जुनाच होता आणि वायर टाकली ती बनावट. पैसे गेले याचं वाईट वाटतंच. पण खरा संताप याचा आहे की घरात जीव वाचवणारी जी दोन साधनं धडधाकट होती, ती त्याने निकामी केली आणि वर त्याचे पैसे घेतले. अशी कामं एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांच्या घरात फार होतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मूळ तक्रार साधी होती. गीझरचं बटण दाबलं की पाचदहा मिनिटांत घरभर लाईट जायची. मीटरशेजारच्या डीबीतला, म्हणजे खटक्यांच्या पेटीतला, आरसीसीबी पडलेला असायचा. आपल्याकडे अजून सगळे त्याला ईएलसीबीच म्हणतात. आप्पा तो वर करायचे, गीझर लावला की पुन्हा खाली. नेहमीचे वायरमन गावाला गेले होते, म्हणून कोपऱ्यावरच्या खांबावर चिकटवलेल्या नंबरवर आप्पांनी फोन केला.

आलेला मुलगा बोलायला गोड होता. काका-काकू करत घरभर फिरला, डीबी उघडली आणि म्हणाला, "काका, ईएलसीबी गेलाय, अर्थिंग मेलंय आणि वायर आतून जळलीये. कधी आग लागेल नेम नाही." दोघंच राहणाऱ्या माणसांना एवढं ऐकवल्यावर ती दुसरं काय करणार? निम्मे पैसे तिथल्या तिथे रोख घेतले.

त्याने दिवसभर काम केलं, हेही सांगायला हवं, कारण फसवणूक म्हणजे माणूस पैसे घेऊन पळून जातो असं आपल्याला वाटतं. अंगणात खड्डा घेतला, मीठ-कोळशाची पिशवी दाखवली, पाइप उभा केला, वर सिमेंटचं झाकण बसवलं. जुन्या अर्थिंगची तांब्याची जाड तार "सडलीये" म्हणून उपटून काढली आणि जाताना घेऊन गेला. मग आप्पांना दोन गोष्टी करून दाखवल्या. गीझरच्या सॉकेटमध्ये टेस्ट लॅम्पची एक वायर फेजला आणि दुसरी अर्थच्या मोठ्या भोकात घातली. बल्ब लखलखीत पेटला. "बघा काका, काय कडक अर्थिंग झालंय." नंतर आरसीसीबीवरचं 'टी' म्हणजे टेस्टचं बटण दाबलं, खटका टक्कन खाली पडला. "हा पण ओके." मग तासभर गीझर चालवला, लाईट गेली नाही. आप्पांनी उरलेले पैसे ऑनलाईन दिले. पक्कं बिल मागितलं तर "व्हॉट्सअपवर टाकतो" म्हणाला. ते आजतागायत आलं नाही.

पुढे पावसाळ्यात बाथरूममधला दिवा मध्येच मंद व्हायला लागला. आणि एका सकाळी गीझर चालू असताना आईने गरम पाण्याच्या नळाला हात लावला आणि ती मागे फेकली गेली. पायात रबरी चप्पल होती आणि नळाला फक्त बोटं लागली होती, म्हणून ती आज आहे. हात कोपरापर्यंत दिवसभर बधिर होता. दवाखान्यात नेऊन ईसीजी काढला, तो व्यवस्थित आला.

आमच्या ओळखीचे एक काका वीज मंडळाच्या काळापासून वायरमन होते, महावितरणमधून निवृत्त झाले. त्यांना बोलावलं. मीही पुण्याहून आले होते, त्यामुळे पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं.

त्यांनी आधी घरातले सगळे दिवे-पंखे लावायला सांगितले आणि मग आरसीसीबीचं 'टी' बटण दाबलं. खटका पडला आणि पंखे फिरतच राहिले. घरातला एकही दिवा गेला नाही. काकांनी मेन बंद करून डीबीचं झाकण काढलं. घरात जाणाऱ्या वायरी आरसीसीबीच्या खालच्या बाजूने निघायला हव्यात. त्या काढून वरच्या बाजूला, मीटरकडून येणाऱ्या वायरींबरोबरच खुपसल्या होत्या. म्हणजे सगळं डायरेक्ट. आरसीसीबी नुसता शोभेला. त्या मुलाने भर दुपारी, पंखे-दिवे बंद असताना बटण दाबून दाखवलं होतं, तेव्हा खटका पडूनही लाईट जात नाही हे कुणाच्या लक्षात यायला जागाच नव्हती.

मग गीझरचं सॉकेट उघडलं. आत न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर लांबीचा लाल वायरचा तुकडा. अर्थिंगची वायर बोर्डात कुठेच नव्हती. टेस्ट लॅम्प लखलखला होता तो या तुकड्यामुळे: बल्बला फेज आणि न्यूट्रल मिळाल्यावर तो पेटणारच. अंगणातल्या पाइपला तर एकही तार जोडलेली नव्हती.

हा लाल तुकडा किती घातक आहे ते काकांनी समजावलं. गीझरचं धातूचं अंग अर्थच्या पिनेला जोडलेलं असतं. इथे ती पिनच न्यूट्रलला बांधलेली. न्यूट्रल शाबूत आहे तोवर काही जाणवत नाही. पण बाथरूमबाहेरच्या जंक्शन बॉक्समध्ये न्यूट्रलचा जोड नुसता पिळून वर टेप गुंडाळला होता, ओल लागून तो ढिला झाला. न्यूट्रल सुटला की एलिमेंटमधून आलेला फेज परत जायला वाट शोधतो, आणि ती वाट त्या तुकड्यातून थेट गीझरच्या अंगावर, तिथून पाण्यात, नळात जाते. चांगलं अर्थिंग असतं तर तो प्रवाह जमिनीत गेला असता आणि आरसीसीबी पडला असता. इथे दोन्ही काढून टाकलेलं.

पुष्कळांना वाटतं एमसीबी (डीबीतले छोटे खटके) आहे ना, मग शॉक कसा बसेल? एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी लोड वाढला किंवा शॉर्ट झालं तर पडतो. माणसाच्या छातीतून एका अँपिअरचा दहावा भाग गेला तरी हृदय बंद पडू शकतं, एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. घरातल्या आरसीसीबीवर सहसा ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. तेवढी तफावत झाली की तो क्षणार्धात सप्लाय तोडतो. तो ज्याने डायरेक्ट केला त्याला हे माहीत नव्हतं, असं मी मानत नाही.

आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागलेलं काकांचं वाक्य: "अर्थिंग मेलेलं असतं तर ईएलसीबी सहसा असा पडला नसता हो. तो पडत होता याचा अर्थ दोन्ही ठणठणीत होतं." बिघडला होता फक्त गीझर. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने एलिमेंटची नळी चिरली होती आणि करंट पाण्यात उतरत होता. हे शोधायला त्यांना पाच मिनिटं लागली. आरसीसीबी पुन्हा नीट जोडला, सगळे एमसीबी खाली केले, एकेक वर करत गेले. गीझरची प्लग काढलेली असताना काही पडत नाही, लावली की पडतो. नवीन एलिमेंट हजाराच्या आत बसलं. साडेएकोणीस हजारांचं काम मुळात एवढंच होतं.

वायरचीही तीच कथा. २००० वॅटच्या गीझरला जवळपास ९ अँपिअर लागतात, त्याला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचं सॉकेट हवं. याने टाकलेली वायर हाताला जाड लागत होती, पण जाडी सगळी प्लास्टिकची. काकांनी आतली तार ब्लेडने खरवडली तर तांबूस रंग निघून खाली पांढरं ॲल्युमिनियम दिसलं. चांगल्या वायरवर ठरावीक अंतरावर कंपनीचं नाव, साइज, आयएस ६९४ हा वायरच्या मानकाचा नंबर आणि आयएसआयची खूण छापलेली असते. खुणेबरोबर सीएम/एलने सुरू होणारा नंबर असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपवर घातला की परवाना खरा आहे का ते कळतं. या वायरवर एक अक्षर नव्हतं. वायरचं बंडल सील फोडण्याआधी आपण पाहायचं, शक्य असेल तर माल आपणच दुकानातून आणायचा.

महाराष्ट्रात वायरिंगचं काम करायला परवाना लागतो. ठेकेदाराचा वेगळा, वायरमनचा वेगळा. तारतंत्रीचा आयटीआय केलेली पुष्कळ चांगली मुलं हा परवाना घेऊन काम करतात. तो दाखवा म्हटल्यावर खरा माणूस चिडत नाही. मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची, मीटरच्या पुढचं सगळं आपलं, त्यामुळे घरातल्या वायरिंगला कुणी सरकारी माणूस आपणहून तपासायला येणार नाही. या मुलाने आप्पांना जाता जाता "मीटर पण स्लो करून देऊ का" असंही विचारलं होतं. आप्पांनी नाही म्हटलं ते बरंच झालं, वीज कायद्याच्या कलम १३५ खाली तो चोरीचा गुन्हा आहे. ज्याच्या तोंडून हा प्रश्न निघेल त्याला तिथूनच परत पाठवा.

अर्थिंग करून घेणार असाल तर खड्डा बुजवण्याआधी पाइपला तार कशी जोडली आहे त्याचा फोटो काढा. टेस्ट लॅम्पवर विश्वास ठेवू नका. अर्थ टेस्टरने मोजायला लावा आणि आलेला ओहमचा आकडा बिलावर लिहून घ्या. जुनी तांब्याची तार, जुना आरसीसीबी, जे काही काढलं जाईल ते आपल्या घरात राहिलं पाहिजे. आमच्या घरची तांब्याची तार भंगारात किती किलो भरली असेल कोण जाणे, पण ती उपटण्यामागे तोच हिशेब होता याबद्दल काकांना शंका नाही.

आम्ही त्या मुलाला फोन केला. आधी "पावसाने झालं असेल" म्हणाला, नंतर नंबर ब्लॉक केला. लाल तुकडा, खरवडलेली वायर, डीबीचे फोटो, ऑनलाईन पैसे दिल्याची नोंद आणि काकांनी सही करून दिलेलं टिपण असं सगळं जपून ठेवलं आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे, पोलीस ठाण्यातही लेखी अर्ज दिला आहे. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. तिथे ५ लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, मात्र २ वर्षांच्या आत जावं लागतं. बिल नसेल तरी ऑनलाईन दिलेल्या पैशांची नोंद उपयोगी पडते, म्हणून अशा कामाला रोख देऊ नका.

गीझर लावला की लाईट जायची आणि कुणीतरी येऊन ते "बंद करून दिलं", असं तुमच्या किंवा आईवडिलांच्या घरी अलीकडे झालं असेल, तर आज रात्री घरातले सगळे दिवे लावा आणि 'टी' बटण दाबा. त्या आरसीसीबीवर चालणारा एकही दिवा पेटता राहिला तर गीझरची प्लग काढा आणि परवानाधारक वायरमन येऊन पाहीपर्यंत पाणी गॅसवर तापवा.