प्रारूप विकास आराखडा आणि हरकतींची सुनावणी : आमच्या नगरपंचायतीच्या सेवेचे परीक्षण

पूर्व विदर्भातील आमच्या तालुक्याच्या गावात ग्रामपंचायतीची नगरपंचायत होऊन दहा वर्षे उलटली आणि गेल्या पावसाळ्यात गावाचा पहिला प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. कोणत्या शेतात वस्ती होऊ द्यायची, रस्ते कोठून न्यायचे, शाळा, बाजार आणि क्रीडांगण यांसाठी कोणाची जमीन राखून ठेवायची, हे या आराखड्याने ठरते आणि साधारण वीस वर्षे टिकते. त्यावर हरकत नोंदवण्यापासून सुनावणीपर्यंतची सारी वाट मी दोन अर्जांच्या निमित्ताने चाललो. एक अर्ज माझ्या शेताविषयी होता, दुसरा गावाच्या बोडीविषयी, म्हणजे धानाला पाणी देणाऱ्या लहान तळ्याविषयी. सेवा म्हणून मी तिला पाचपैकी तीन गुण देतो. एकट्या सुनावणीला चार दिले असते. सूचना लोकांपर्यंत पोहोचवण्याच्या कामाला एकही दिला नसता.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर आमच्याएवढ्या गावातील नागरिकांना हरकती व सूचना देण्यासाठी तीस दिवस मिळतात. आमच्याकडे ती सूचना राजपत्रात आली, वर्तमानपत्रात आली, कार्यालयाच्या फलकावरही लागली, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने कोठेही उणीव काढता येणार नाही. मात्र ती लागली आषाढात, ऐन रोवणीच्या दिवसांत. त्या दिवसांत आमच्या भागातला माणूस सकाळी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरतो तो दिवेलागणीलाच बाहेर येतो, आणि ज्यांच्या जमिनींवर आराखड्याने रंग भरले होते ती बहुतेक माणसे त्या वेळी चिखलातच उभी होती. मला स्वतःला ही बातमी नवव्या दिवशी कृषी केंद्रात युरिया घ्यायला गेलो असताना कळली, आणि तीही दुकानदाराच्या भावाचा ले-आउट पिवळ्या, म्हणजे रहिवासाच्या, पट्ट्यात आला म्हणून. नगरपंचायतीची घंटागाडी रोज सकाळी प्रत्येक प्रभागातून भोंग्यावर गाणे वाजवत फिरते. गाण्याच्या जागी आठ दिवस ही सूचना वाजवली असती तर एक रुपयाही जास्तीचा खर्च झाला नसता. ग्रामपंचायतीच्या काळी कोतवाल दवंडी देत असे, आणि त्या दवंडीला फलकापेक्षा अधिक वाचक होते.

आता नकाशाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या सेवेचा खरा दोष तेथे आहे. नकाशा जिन्याच्या वळणावर, खिडकीसमोर टांगलेला होता. दुपारी त्यावर उजेड असा पडे की वरचा अर्धा भाग पांढराच दिसे. पिवळा रंग रहिवासाचा आणि हिरवा शेतीचा, एवढे सूचीवरून कळते; परंतु रंगांच्या खाली छापलेले खसरा क्रमांक, म्हणजे शेतांचे भूमापन क्रमांक, इतके बारीक होते की आपले शेत शोधण्यासाठी आधी शेजाऱ्याचे, त्याआधी नाल्याचे आणि त्याही आधी बसस्थानकाचे ठिकाण शोधावे लागत होते. संकेतस्थळावरही नकाशा आहे, असे कर्मचाऱ्याने सौजन्याने सांगितले, आणि तो होताही. पण मोबाईलवर मोठा करत गेले की क्रमांकांचे ठिपके होत. शेवटी भूमी अभिलेख विभागातून निवृत्त झालेल्या एका भूमापकांना मी विनंती केली. ते भिंग आणि जुना गावनकाशा घेऊन आले, आणि दीड तासाने आम्हाला कळले की बारा मीटर रुंदीचा एक प्रस्तावित रस्ता माझ्या चार एकरांच्या शेताला तिरपा छेदून जातो आणि धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, बाजूला एक त्रिकोणी तुकडा उरतो, ज्यात धड नांगर फिरणार नाही आणि धड घरही उभे राहणार नाही. ज्याला भिंग आणि भूमापक दोन्ही मिळत नाहीत, त्याला तीस दिवसांच्या मुदतीचा काय उपयोग होणार, हा प्रश्न मी तेथेच नगरपंचायतीच्या एका सदस्यांना विचारला. त्यांनी मान हलवली. खसरा क्रमांकानुसार बाधित जमिनींची एक साधी यादी मराठीत छापून फलकाशेजारी लावली असती, तर अर्धे गाव स्वतःचे स्वतः पाहून गेले असते.

नकाशा पाहता पाहताच बोडीची गोष्ट लक्षात आली. गावाच्या पश्चिमेला माळगुजाराच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकाच्या, काळातली एक बोडी आहे. पावसाळ्यात भरते, दिवाळीनंतर उतरू लागते आणि एप्रिलमध्ये तिच्या तळाला भेगा पडतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत अशा बोड्या आणि माळगुजारी तलाव मोठ्या संख्येने आहेत, आणि धानाची शेती त्यांच्यावर उभी आहे. प्रारूप आराखड्यात मात्र त्या जागी पाणी नव्हते, पिवळा रंग होता. वाईट हेतू होता असे मला वाटत नाही. विद्यमान जमीन वापराचे सर्वेक्षण उन्हाळ्यात झाले असावे, आणि उन्हाळ्यात ती बोडी कोणत्याही अनोळखी माणसाला पडीक मैदानच वाटेल. परंतु नकाशात एकदा रहिवास झाला की पुढचा मालक भराव टाकताना हाच नकाशा दाखवणार, आणि खालच्या बांध्यांना येणारे पाणी कोठे जाणार हे विचारायला तोपर्यंत फार उशीर झालेला असणार.

येथे विदर्भातील वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. १९५१ मध्ये आमच्याकडील माळगुजारी संपल्यावर गावाच्या सामाईक हक्कांची नोंद निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दोन दस्तऐवजांत राहिली. गुरे कोठे चरायची, कोणत्या पांदणीने बैलगाडी न्यायची, कोणत्या तलावाचे पाणी कोणाला मिळायचे, हे त्यांत लिहिलेले असते, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ व १६५ मध्ये त्यांना स्थान आहे. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मी निस्तार पत्रकाची नक्कल काढली, तेव्हा तिच्यात बोडी तर होतीच, शिवाय बोडीवरून जाणारी गुरांची वाटही होती. ही संहिता आणि नगररचनेचा कायदा दोन्ही १९६६ सालचे आहेत. एकाच्या दप्तरात असलेली बोडी दुसऱ्याच्या नकाशापर्यंत पोहोचली नव्हती, एवढेच मी अर्जात लिहिले आणि नक्कल जोडली.

अर्ज स्वीकारण्याची खिडकी मात्र चांगली चालते. दोन्ही अर्ज दहा मिनिटांत घेतले गेले, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक मिळाला, आणि अर्जात खसरा क्रमांक राहून गेला होता तो कर्मचाऱ्याने स्वतःहून लक्षात आणून दिला.

सुनावणीचे पत्र तारखेच्या आदल्या दिवशी हाती पडले. अकराची वेळ दिली होती, नंबर तीन वाजता आला, आणि मधल्या वेळात बसायला बाके अपुरी असल्याने म्हातारी माणसे जिन्यात बसली होती. पिण्याचे पाणी होते. या गैरसोयी सांगून झाल्यावर हेही सांगितले पाहिजे की सुनावणी देखाव्याची नव्हती. कलम २८ प्रमाणे नेमलेल्या नियोजन समितीत स्थानिक सदस्य तीन असतात आणि नगररचना संचालकांनी नेमलेले विषयाचे जाणकार चारपर्यंत असू शकतात. आमच्या वेळी प्रश्न विचारले ते मुख्यतः या जाणकारांनीच. त्यांनी नकाशा टेबलावर पसरून जागा आधी स्वतः शोधली आणि मग विचारले, "बोडीत पाणी कोठून येते, आणि सांडवा कोणत्या बाजूला आहे?" निस्तार पत्रकाची नक्कल त्यांनी वाचली, नुसती फाइलला लावून टाकली नाही. माझ्या शेतातील रस्त्याविषयी त्यांनी स्पष्ट सांगितले की तो दोन विद्यमान रस्त्यांना जोडणारा असल्याने सरकवणे कठीण आहे, परंतु वळण थोडे सौम्य करता येईल का ते तपासू. सात-आठ मिनिटांत दोन्ही विषय संपले. माझ्या आधी एका शेतकऱ्याला, "तुमचे म्हणणे आराखड्याविषयी नाही, वाटणीविषयी आहे, ते दिवाणी न्यायालयात," असे नम्रपणे सांगून परत पाठवले, आणि ते बरोबरच होते.

आरक्षणाच्या हरकतींत मला सर्वाधिक गोंधळ दिसला, आणि त्याचे कारण असे की आरक्षण पडले म्हणजे काय होते हे कोणीच समजावून सांगत नाही. बाहेर बाकावर बसलेल्या एका विधवा बाईंची सगळी जमीन भाजीबाजारासाठी आरक्षित झाली होती आणि उद्यापासून शेत सोडावे लागेल अशी त्यांची समजूत होती. तसे नसते. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर कलम १२७ नुसार मालकाला खरेदीची सूचना देता येते, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. म्हणजे शेत आज हातचे जात नाही. पण एक तपाएवढा काळ त्यावर बांधकाम करता येत नाही आणि विकायला गेले तर भाव पडतो. मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, घेण्याचा पर्यायही सांगितला जातो; हा वाढीव बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकता येतो. नागपुरात त्याला गिऱ्हाईक मिळेल. आमच्या गावात, जेथे दुमजली घरे अजून बोटांवर मोजता येतात, तेथे वाढीव मजल्याचा हक्क विकत कोण घेणार? आरक्षणबाधितांसाठी एक दुपार राखून नगररचना कार्यालयातील कोणी तरी हे सांगितले असते, तर निम्म्या हरकती अधिक नेमक्या झाल्या असत्या.

क्रीडांगणाची जागा निवडतानाही घाई झालेली दिसली. सातबाऱ्यावर त्या जागेची नोंद झुडपी जंगल अशी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगलाला वनजमीन मानले आहे. केंद्राच्या मंजुरीवाचून तेथे कुदळही मारता येणार नाही. त्यामुळे नकाशात क्रीडांगण आणि प्रत्यक्षात पोरे रस्त्यावर, असे होण्याचा संभव आहे. हे एका शिक्षकांनी सूचना म्हणून लेखी दिले. आठवडी बाजार हलवण्याचा प्रस्तावही आहे, पण तेथे बसणाऱ्या विक्रेत्यांपैकी कोणालाही सुनावणीच्या दिवशी मी पाहिले नाही. तो दिवस बाजाराचाच होता.

त्याच इमारतीत, त्याच जिन्याने वर गेल्यावर बांधकाम परवानगीचे टेबल आहे, म्हणून दोन शब्द. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे, आणि तिच्यानुसार १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर अटी पाळून घर बांधायचे असेल तर कागदपत्रांसह कळवून शुल्क भरल्याची पावती पुरते. माझ्या पुतण्याचा भूखंड १२० चौरस मीटरचा असूनही त्याला "नकाशा पास करून आणा" असे सांगण्यात आले. नियमावलीतील तरतूद छापून नेल्यावर पावती मिळाली, वाद झाला नाही. माहिती नसल्यामुळे हे झाले की सवयीमुळे, हे ज्याने त्याने ठरवावे.

समितीचा अहवाल आल्यावर नगरपंचायतीने फेरबदलांची यादी फलकावर लावली. तिच्यात बोडी जलाशय म्हणून परत आली आहे आणि गुरांची वाट विद्यमान रस्ता म्हणून दाखवली आहे. माझ्या शेतातला रस्ता जेथे होता तेथेच आहे, वळणासकट. त्यासाठी मी गुण कापलेले नाहीत, कारण त्यांनी दिलेले कारण मला पटले होते. गुण कापले आहेत ते असे की दोन्ही अर्जांवर काय ठरले आणि का, हे सांगणारी एक ओळही लेखी मिळाली नाही. मी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज केला, तेव्हा इतिवृत्ताची प्रत मिळाली. आराखडा आता कलम ३० खाली शासनाकडे मंजुरीसाठी गेला आहे.

ज्यांच्या गावात अशी सूचना लागायची आहे त्यांनी नकाशा पाहायला जाण्याच्या आधी तहसील कार्यालयात निस्तार पत्रकाच्या नकलेसाठी अर्ज करून ठेवावा. मला ती मिळायला अकरा दिवस लागले, आणि मुदत संपायला तेव्हा सहाच दिवस उरले होते.